शाब्बासकीचा तुकडा

८ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे फोनवर बोलता येत नाही. फोन बाबांच्या खाटेशेजारी आहे, आणि अर्धांगाच्या झटक्यानं त्यांची जीभ जड झाली असली तरी कान पहिल्यासारखेच तिखट आहेत. म्हणून पत्र.

बाबा व्यायाम करत नाहीत याचा तुला घोर लागला होता ना? फिजिओथेरपीच्या बाई येतात, उजवा हात उचला म्हणतात आणि बाबा भिंतीकडे तोंड फिरवतात. बाईंनी मला जिन्यात नेऊन बजावलं की हात हलायचा तर याच काही महिन्यांत हलेल, नाहीतर कायमचा आखडेल. मी विनवण्या केल्या, चिडलो, रुसलो. ढिम्म.

आता गंमत ऐक. माझ्याकडे सध्या एक लांब कानांचा कुत्रा शिकायला आहे. नाव ढोल्या, आणि आहेही तसाच. मालक परगावी गेलेत, म्हणून मुक्काम घरीच. त्याच्या शिकवणीसाठी मी खाऊ घरी करतो. ओट्सचं पीठ, कुस्करलेलं केळं, शेंगदाण्याचा कूट, एक अंडं. मीठ नाही, साखर नाही. पातळ लाटून मंद आचेवर ओव्हनमध्ये भाजायचं आणि वाटाण्याएवढे तुकडे पाडायचे. तुकडा मोठा झाला की कुत्रा चघळत बसतो आणि तो कशाबद्दल मिळाला तेच विसरतो. मागच्या आठवड्यात ट्रे गार व्हायला बाबांच्या जवळच्या टेबलावर ठेवला होता. मी पाठमोरा भांडी घासत होतो. वळून बघतो तर बाबांचा उजवा हात पांघरुणातून निघून ट्रेकडे सरकतोय!

मी एक तुकडा तोंडात दिला. आवडला. साखर नसल्यामुळे डॉक्टरांनीही हरकत घेतली नाही. दुसऱ्या दिवशी ट्रे जरा उंच धरला, तर हात छातीपर्यंत आला. मग मी आपली नेहमीचीच पद्धत लावली. हात वर, लगेच तुकडा, लगेच शाब्बास. आता खांद्यापर्यंत येतो. बाई विचारत होत्या, कोणती जादू केलीत. मनातून फुगलो होतो, खोटं कशाला सांगू.

तब्येतीला जप. माझ्यावर माया आहेच, ती अधूनमधून कागदावरही उतरू दे.

तुझा,
टिल्लू


१५ जुलै

चि. टिल्लूस,
अ. उ. आ.

पत्र वाचून आधी डोळे पुसले, मग पोट धरून हसले. शाबास रे माझ्या वाघा! इथल्या मुलींच्या परीक्षा संपेपर्यंत वसतिगृह सोडता येत नाही. सगळं तुझ्या एकट्याच्या गळ्यात पडलंय याची मला लाज वाटते. तू काही म्हणत नाहीस, म्हणून जास्तच वाटते.

एक विचारू? ही पद्धत कुठून आणलीस ते बाबांना सांगितलंस का? नसशील तर सांग. ते ओळखून असतील, पण तू सांगितलेलं बरं.

आणि दुसरं. बाबांच्या छापखान्यातले खिळे जुळवणारे काका आणि काकू त्यांना बघायला येणार आहेत. तुझ्या कामाबद्दल त्यांच्याशी जरा बेतानं बोल. तू कुठल्याशा कार्यालयात आहेस, असं बाबा त्यांना कित्येक वर्षं सांगत आलेत. मला माहीत होतं, मी गप्प बसले. जन्मभर दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका काढणाऱ्या माणसानं घरातली ओळ मात्र अशी बदलून टाकली. मनाला लावून घेऊ नकोस. आता त्यांची अवस्था बघ आणि सोडून दे.

वेळेवर जेव. कुत्र्याच्या खाऊवर दिवस काढू नकोस. इथून आशीर्वाद आहेत, तेवढेच पाठवता येतात.

तुझी,
ताई


२९ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कसं लिहू कळत नाही. तीन कागद फाडले. माझ्या हातून फार वाईट गोष्ट झाली आहे.

काका-काकू रविवारी दुपारी आले. मी नुकताच ढोल्याला फिरवून आणला होता, कंबरेला खाऊची पिशवी तशीच. बाबांना खुर्चीत बसवलं, सदरा बदलला, केस विंचरले. काकांनी जुन्या गोष्टी काढल्या. एका स्वल्पविरामासाठी बाबांनी मोठ्या लेखकाला छापखान्याच्या दारात कसं अडवलं होतं, ते त्यांनी उभं राहून करून दाखवलं. बाबा अर्ध्या तोंडानं हसले. फार छान चाललं होतं, ताई.

मग काकांनी सहज विचारलं की सध्या कुठल्या कार्यालयात आहेस, आणि कंबरेला ही पिशवी कसली. मी बाबांकडे बघितलं. त्यांनी नजर खिडकीकडे वळवली. मला काहीतरी डसल्यासारखं झालं. तुझं पत्र डोक्यात होतंच. कार्यालयाचं उत्तर मी दिलंच नाही. पिशवी बाबांच्या खाऊची आहे म्हणालो, आणि गंमत बघायची का, असं विचारलं. त्या क्षणी मला वाटत होतं, बघू दे यांना, मला काय येतं ते.

मी समोर उभा राहिलो आणि पिशवीत हात घातला. एवढंच. काही बोललोसुद्धा नव्हतो. बाबांचा हात वर गेला, कानाच्या वर, इतका कधीच गेला नव्हता. मी तुकडा त्यांच्या तोंडात ठेवला आणि शाब्बास म्हणालो. कुत्र्यांना म्हणतो ना, तो बारीक, वर चढवलेला आवाज, त्यात. काकूंनी टाळ्या वाजवल्या. आणि तो आवाज ऐकून ढोल्या कोपऱ्यातून उठला, बाबांच्या खुर्चीला लागून ताठ बसला आणि माझ्याकडे बघायला लागला. ताई, मी त्यालाही त्याच पिशवीतून एक तुकडा दिला. विचार न करता. सवयीनं.

काकूंच्या टाळ्या थांबल्या. काका खाली बघत राहिले. मग चहा तसाच ठेवून दोघं निघाले. निघताना काकांनी बाबांच्या गुडघ्यावर हात ठेवला, पण बाबांनी वर बघितलं नाही.

त्या दिवसापासून हात मुठीत आवळलेला आहे आणि तोंड मिटलेलं. माझ्या हातचं काही घेत नाहीत. डाव्या हातानं सांडत, लवंडत पेज पितात, तीही मी स्वयंपाकघरात गेल्यावर. बाई म्हणाल्या, खांदा पुन्हा धरतोय, असंच राहिलं तर मिळवलेलं सगळं जाईल. मी रोज सकाळी त्यांच्या पायाशी बसून माफी मागतो. ते डोळे मिटून घेतात. मालक परतल्यावर ढोल्याला त्यांच्याकडे सोडून आलो. आरशात बघायची लाज वाटते.

या पत्रानंतरही मला धाकटा भाऊ म्हणशील, एवढीच आशा.

टिल्लू


६ ऑगस्ट

चि. टिल्लूस,
अ. उ. आ.

पत्र वाचल्याबरोबर तुला फोन करून चांगली फैलावर घेणार होते. पण फोन बाबांच्या उशाशी, म्हणून राग गिळला. बरं झालं गिळला. रात्री माझीच मला लाज वाटली.

कारण ऐक. तुझं पहिलं पत्र मी जेवणाच्या खोलीत सगळ्यांना वाचून दाखवलं होतं. नुसतं वाचलं नाही, तर मुलींना हात वर करायला लावून एकेक शेंगदाणा वाटला. त्या हसल्या, स्वयंपाकीण हसली, सगळ्यांत जास्त मी हसले. माझ्या बापाची नक्कल मीही केली रे, फरक इतकाच की ते समोर नव्हते.

आणि कार्यालयाची गोष्ट ऐन वेळी मीच तुझ्या कानात घातली. तू त्या दिवशी बाबांना दाखवत होतास की स्वतःला, हे तू स्वतःला विचार. उत्तर मला कळवायची गरज नाही. ज्या माणसानं तुझं काम लपवलं, त्याच्यावरच ते करून दाखवावंसं वाटलं असेल, तर मी तुला राक्षस म्हणणार नाही.

पण रोजची माफी आता बंद कर. माफी एकदा मागायची असते. रोज मागितलीस तर त्यांना रोज माफ करण्याचं काम लागतं, आणि त्यांच्या अंगात आता तेवढी ताकद नाही. पेज ठेव, जवळ बस आणि गप्प राहा. पिशवी कंबरेला नको. परीक्षा संपल्या की मी येते, मग दोघं मिळून तोंड देऊ.

भाऊ म्हणते, म्हणत राहीन. त्यात काटछाट होत नसते.

तुझी,
ताई


१४ ऑगस्ट, खाटेवरून

चिरंजीवास,
अनेक आशीर्वाद.

जीभ वळत नाही. डाव्या हातानं लिहितो आहे. अक्षराला हसू नये. हे पत्र पुरं करायला तीन दिवस लागले आहेत.

रोज माफी मागत होतास. मग एक दिवस नाही मागितलीस, नुसता बसलास. म्हणून लिहावंसं वाटलं.

तू समजतोस तशी माझी लाज नाही. तुकडा तू नंतर दिलास. तोंड मी आधी उघडलं. तू सांगितलं नव्हतंस, हातात तुकडा दिसलाही नव्हता. मी उघडलं, आणि तुझ्या काकानं, आमच्या जुळाऱ्यानं, ते बघितलं. तीस वर्षं त्यानं मला कोणापुढे वाकताना बघितलेलं नाही. हे माझं मला गिळायचं आहे. त्यात तू येत नाहीस. कुत्राही येत नाही. बिचारा नीट बसला होता.

दुसरी गोष्ट अवघड आहे. जुळाऱ्यानं पिशवीबद्दल विचारलं, तेव्हा तू बोलण्याआधी माझ्याकडे पाहिलंस. चाळीस वर्षांचा माणूस तू. उत्तर द्यायला परवानगी आहे का, असं पाहिलंस. गेले दोन महिने इथे पडून मी तुझं काम पाहतो आहे. तुझी कुत्री तुझ्याकडे बघतात, पण अशी भिऊन बघत नाहीत. तसं बघायला तुला मी शिकवलं. कधी तुकडा न देता. कधी शाब्बास न म्हणता.

जुळाऱ्याला पुन्हा बोलाव. मला त्याला सांगायचं आहे, माझा मुलगा कुत्र्यांना शिकवतो. हे माझ्या तोंडून गेलं पाहिजे, चिठ्ठीवर नको. वाक्य लांब आहे, तोंडात मावत नाही. उद्या सकाळपासून माझ्याकडून करून घे. हाताचंही करू. खाऊ नको. चुकलो तर सांग, जमलं तर शाब्बास म्हण. कुत्र्यांना म्हणतोस त्याच आवाजात, बदलू नकोस.

तुझा,
बाबा