तुझ्या सायकलवरून वाघेऱ्याचा घाट

आई, तुझी सायकल अजून चालते, हे आधी सांगतो. फ्रेम आणि घंटी तेवढी तुझी राहिली आहे. चेन, फ्रीव्हील, दोन्ही टायर, सीट, पायडल हे सगळं मी पंधरा वर्षांत एकेक करून बदललं. रंग मात्र निळाच ठेवला. गिअर तिला तेव्हाही नव्हता, आताही नाही. दिवाळीनंतरच्या शनिवारी मी तिच्यावरून नाशिकहून निघालो, गिरणाऱ्यावरून वाघेऱ्याचा घाट ओलांडून हर्सूलच्या बाजूला, आपण राहायचो तिकडे गेलो आणि रविवारी संध्याकाळी परत आलो. एका मुक्कामाची फिरती. महिन्याच्या सुरुवातीला तू रेघा मारून आरोग्य केंद्राच्या फिरतीचा कार्यक्रम लिहायचीस, तसा मीही लिहिला होता. किती वाजता कुठे पोहोचायचं, कुठे पाणी भरायचं, आणि पंक्चर झालं तर काढता येईल असं दुकान कुठल्या गावापर्यंत आहे, ते सगळं. तो कार्यक्रम पहिल्या तासाभरातच कोलमडला, कारण मी गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन दोनदा परत आलो. एकदा गॅस बंद आहे का ते बघायला आणि एकदा, गॅस बघताना शेगडीचं बटण चुकून फिरवलं तर नाही ना, ते बघायला. दुसऱ्या वेळी बाबा दारातच उभे होते. ते म्हणाले, "मी घरातच आहे. गॅस मी बघतो, तू घाट बघ."

मी असाच राहिलो आहे. तू गेलीस तेव्हा मी नववीत होतो, ते वर्ष कसंबसं झालं, आणि दहावीच्या परीक्षेला मी बसलोच नाही. हॉलतिकीट हातात होतं. शाळेच्या फाटकापर्यंत गेलो आणि कंपास विसरला असेल असं वाटून परत फिरलो. कंपास दप्तरातच होता. पुढे सातपूरला एका वर्कशॉपमध्ये लागलो. तिथे तयार झालेला सुटा भाग गेजमध्ये घालून बघायचा, बसला तर एका ट्रेमध्ये, नाही बसला तर दुसऱ्या, हे माझं काम. या कामात माझ्या स्वभावाचा उपयोग होतो. सोबतचे लोक हसतात. एक जण म्हणतो, हा एक पीस इतक्यांदा मोजतो की मोजून मोजून झिजतो. पण माझ्या टेबलावरून गेलेला माल परत आलेला नाही, हेही तेच सांगतात. बाकी वाचत असतो. लिहिताना शब्द अडला तर शब्दकोश काढून बघतो. शाळा सुटली म्हणून अक्षर बिघडू द्यायचं नाही, एवढं मी ठरवून पाळलं आहे.

मी कशासाठी गेलो ते तुला माहीत असायला हवं. मी अकरा वर्षांचा होतो. हेच दिवस, दिवाळीची सुट्टी, आणि ऑक्टोबरचं ऊन अजून उतरलेलं नाही. त्या दिवशी लांबच्या पाड्यावर लसीकरण होतं आणि तू मला सोबत नेलंस. आरोग्य केंद्रातून लसीचा निळा डबा घेतलास, आत बर्फाच्या चार चपट्या बाटल्या आणि मधे लसी. डबा कॅरिअरला दोरीने बांधलास आणि मला म्हणालीस, याच्यावर लक्ष ठेव, बर्फ महत्त्वाचा. एवढंच म्हणालीस. वाटेत पाच घरी थांबायचं होतं, कुठे गरोदर बाई, कुठे ताप. तू घरात जातेस, मी सायकल धरून उन्हात उभा आहे. बर्फ महत्त्वाचा. मग तो आहे की नाही ते बघायला नको का? मी दोरी सरकवून झाकण उघडतो, बाटलीला बोट लावतो, गार लागतं, झाकण लावतो. पुढच्या घरी पुन्हा. तिसऱ्या घरी दोनदा. शेवटच्या घरासमोर झाकण लावलं तेव्हा ते एका बाजूने नीट बसलं नाही. मला ते तेव्हा कळलं नाही. उरलेला सगळा रस्ता डबा तसाच फटीने उघडा राहिला.

पाड्यावर आंब्याखाली बाया बसल्या होत्या, मांडीवर पोरं. तू डबा उघडलास. बाटल्यांमध्ये नुसतं पाणी होतं. तू एकेक बाटली हलवून बघितलीस, मग माझ्याकडे बघून विचारलंस, "उघडला होतास?" मी म्हणालो, "एकदाच." तू "बरं" म्हणालीस आणि बायांना सांगितलंस की आज पोलिओचा डोस देता येणार नाही, लस तापली आहे, पुढच्या आठवड्यात येते. बाया कुरकुरत उठल्या. एक मात्र उठली नाही. तिच्या ओटीत तीन-चार महिन्यांचं बाळ होतं. ती म्हणाली, आम्ही उद्या सकाळच्या जीपने दिंडोरीकडे द्राक्षाच्या छाटणीला जाणार, होळीलाच परत. तू तिला काय म्हणालीस ते मला ऐकू आलं नाही, कारण मी सायकलच्या मागे जाऊन उभा राहिलो होतो. रजिस्टरमध्ये तू लिहिलंस, वाटेत बर्फ वितळला. पुढच्या फिरतीला मी चपला घालून तयार होतो, तर तू म्हणालीस, "तू घरी थांब. अभ्यास कर." त्यानंतर तू मला कधीच नेलं नाहीस.

त्या बाळाचं काय झालं हे मी तुला विचारलं नाही. विचारलं असतं तर तू "किती वेळा उघडला होतास?" म्हणून पुन्हा विचारशील असं वाटायचं, आणि खरा आकडा सहा होता. तीन वर्षांनी तू गेलीस. मग विचारायला कोणी उरलं नाही. रस्त्यावर एखादं लंगडणारं माणूस दिसलं की मी त्याचं वय मनात मोजायचो. अठरा वर्षं हे चाललं. या वर्षी ठरवलं की जायचं आणि बघून यायचं. वर्कशॉपमधल्या एकाने मोटरसायकल देऊ केली होती. मी सायकलच घेतली. मोटरसायकलवर मी फार लवकर पोहोचलो असतो.

गंगापूर गावाच्या पुढे सायकलवाल्यांचा एक जथा मला मागे टाकून गेला. आता नाशकात शनिवार-रविवारी असे बरेच दिसतात, तंग कपडे, हेल्मेट, चिमटीत उचलता येतील अशा सायकली. गिरणाऱ्याला ते चहाला थांबले होते, मीही थांबलो. टोमॅटोच्या क्रेटनी भरलेल्या पिकअप गाड्यांनी रस्ता अडवला होता, त्यामुळे पुढे जाता येतही नव्हतं. त्यांच्यातल्या एका काकांनी माझ्या सायकलला फेरी मारून बघितलं. विचारलं, "वहिनींची आणली का?" मी म्हणालो, आईची. मग त्यांनी विचारलं की वाघेऱ्याच्या चढाला काय करणार. उतरणार आणि चालणार, असं मी सांगितलं. ते हळूच म्हणाले, मीपण मागच्या वेळी चाललो होतो, ह्यांना सांगू नका.

चढाला उतरायचं हे मी तुझ्याकडून शिकलो. तुला कोणी सायकल दामटताना पाहिलं नसेल. चढ लागला की तू अगदी सुरुवातीलाच उतरायचीस, दम लागल्यावर नाही. हँडल एका हाताने धरून, पदर खोचून चालायचीस, आणि वाटेतल्या बायांशी बोलायचीस. निम्मी फिरती तिथेच व्हायची. घाटात मीही तसंच केलं. सायकल ढकलत चालताना गवताचा वास येत होता, साग मोठाल्या पानांनी उभा होता, आणि प्रत्येक वळणावर मला वाटत होतं की आता परत फिरावं. कारण खरं सांगायचं तर दोनच शक्यता होत्या. बाळ धडधाकट असेल किंवा नसेल. नसेल, तर ते कळल्यावर मी काय करणार होतो, हे माझ्या कार्यक्रमात लिहिलेलं नव्हतं. तीनदा मी सायकल वळवली. तिसऱ्यांदा वळवली तेव्हा समोरून गवताचा भारा घेतलेला म्हातारा येत होता. त्याने विचारलं, "वर चालला का खाली, एक काय ते ठरव, वाट आडवली." मी वर निघालो.

पाड्यावर पोहोचलो तेव्हा दुपार कलली होती. आंबा आहे. खळ्यावर भात झोडायचं चाललं होतं. एका बाईने विचारलं, कोणाकडं? मी म्हणालो, इथे पूर्वी नर्सबाई यायच्या, निळ्या सायकलवरून, मी त्यांचा मुलगा. तिने सायकलकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि हातातली पेंढी खाली ठेवली. मला वाटलं होतं शोधावं लागेल, चौकशी करावी लागेल. तसं काही लागलं नाही. ती तीच होती, त्या दिवशी आंब्याखालून न उठलेली. मी तिला मावशी म्हणालो आणि बसायच्या आधीच, उभ्याउभ्या, सगळं सांगून टाकलं. डबा, सहा वेळा, तिरकं बसलेलं झाकण. पाठ करून नेलेली वाक्यं होती, ती सगळी उलटसुलट आली.

ती हसली. म्हणाली, "तुज्या आईला ठावं व्हतं. ती आली व्हती ना तिकडं, मळ्यावर."

मग तिने जे सांगितलं ते असं. ते लोक गेल्यानंतर तिसऱ्या का चौथ्या दिवशी, तुझ्या सुट्टीच्या दिवशी, तू सायकल एसटीच्या टपावर टाकून दिंडोरीला गेलीस. कुठला मळा हे तुला पक्कं माहीत नव्हतं. मळ्यामळ्यात विचारत फिरलीस. तिथल्या नर्सबाईला गाठून तिच्याकडून डोस घेतलास आणि द्राक्षाच्या मांडवाखाली बाळाला दिलास. बाळ रडलं, तू चहा घेतलास. आणि चहा घेताना तू तिला म्हणाली होतीस, हे मी तिच्याच शब्दांत लिहितो: "पोरगं डबा उघडून बघत व्हतं, मी खिडकीतून पाहत व्हते. म्हटलं, बघू दे, त्याच्या जीवाला बरं वाटतं. चूक माझीच."

आई, तू बघत होतीस. सहाही वेळा कदाचित. मी "एकदाच" म्हणालो तेव्हा ते खोटं आहे हे तुला ठाऊक होतं, आणि तू "बरं" म्हणालीस. मला घरी ठेवलंस ती शिक्षा आहे असं मी अठरा वर्षं धरून चाललो. आता वाटतं, मला पुन्हा उन्हात उभं करून काळजीला लावायचं नाही, असं तुझ्या मनात असेल. पण हे तू मला सांगायला हवं होतंस. मळ्यावरून परत आलीस त्या संध्याकाळी एका वाक्यात सांगता आलं असतं. यावर मी तुझ्यावर थोडा वेळ चिडलो, खळ्याच्या कडेला बसून. मग तुझ्या बाजूनेही विचार केला. सांगायचं तर तुला, मी पाहत होते, हेही सांगावं लागलं असतं. तेव्हा आपण दोघंही आपापली गोष्ट दडवून एकाच खोलीत जेवत होतो.

ते बाळ म्हणजे मुलगी आहे, हे मला तेव्हा माहीतही नव्हतं. ती खळ्यावरच होती, माझ्यापेक्षा उंच, भाताची पेंढी डोक्यावरून घेऊन फळीवर आपटत होती. एकदा थांबली ती माझी सायकल बघायला. विचारलं, "गेर नाय हिला?" मी नाही म्हणालो. "मग घाट कसा चढला?" चालत, मी म्हणालो. "चालायचंच व्हतं तर सायकल कशाला आणली?" सगळं खळं हसलं, मीही हसलो. मावशीने तिला दटावलं की पाहुणा आहे, तर ती म्हणाली, पाहुणा असला म्हणून काय झालं, विचारलं फक्त. आणि परत कामाला लागली. तिला डोसबिस काही माहीत नाही, तिच्या आईने सांगितलंही नाही. मी तिच्या पायांकडे बघत होतो हे तिच्या लक्षात आलं नसावं अशी आशा आहे.

मुक्काम त्यांच्याकडेच केला. नागलीची भाकर आणि उडदाची डाळ, तू करायचीस त्यापेक्षा तिखट. सकाळी मावशीने शेंगा बांधून दिल्या. निघताना मी ब्रेक तपासले, हवा तपासली, एकदाच.

हे पत्र मी कुठे टाकणार नाही. बाबांनाही दाखवणार नाही, ते उगाच गप्प होतील. लिहून झालं की घडी करून ठेवेन. एक गोष्ट मात्र राहिली. परत येताना घाटमाथ्यावर सायकलवर बसलो आणि गिरणाऱ्याच्या बाजूचा उतार सुरू झाला. ब्रेक हलके धरले होते. मग थोडे सोडले. कानात वारा, शर्ट फुगलेला, एक वळण, दुसरं वळण, आणि मी मोठ्याने काहीतरी ओरडलो, काय ते आठवत नाही. आई, त्या पूर्ण उतारावर मला तुझी आठवण आली नाही. अजिबात नाही. खाली सपाटी लागली, पायडल मारावं लागलं, तेव्हा आली.