गिधाडाच्या तोंडाची बाई

ओआहाका,
१२ जानेवारी

प्रिय रुफिना,

चार वर्षांनी लिहितेय, तेही चिडलेली असताना. राग तुझ्यावर नाही. निदान आता तरी नाही. सकाळपासून तीन मूर्ती मोडल्या. एकीला जग्वारचं तोंड करायला घेतलं, एकीला घुबडाचं. पण बोटं खाली आली की तुझीच हनुवटी वळतात, लहानपणी विहिरीवर पडलीस तेव्हाच्या खाचेसकट. शेजारची ओतिलिया कुंपणावरून म्हणते, “काय गं सेनाईदा, माती मळतेस की कुणाचा गळा दाबतेस?”

आई गेली तेव्हा नऊ दिवस प्रार्थनेला सारा गाव लोटला होता. मक्याच्या पानांतले तमाल उकडायला बायका पुरेनात. आणि जो तो मलाच विचारी, “धाकटी कुठंय? शिकागोहून विमानं सुटत नाहीत होय?” काय सांगणार? तुझा फोन बंद. दहाव्या दिवशी मी माती घेऊन बसले. तुझ्या जन्माच्या वेळी सुईणीनं उंबऱ्यात राख पसरली आणि तीत हरणाचे खूर उमटले, हे आईनं शंभरदा सांगितलेलं. राखेत ज्याचं पाऊल उमटतं ते त्या जिवाचं जन्माचं जनावर, म्हणजे तुझं हरीण, मला पक्कं ठाऊक. तरी मी मुद्दाम बाईच्या अंगावर गिधाडाचं तोंड बसवलं. वर चोच, खाली तुझी हनुवटी. म्हटलं, गिधाडसुद्धा मढ्यापाशी येतं, ही तेवढीही आली नाही.

गावानं बघताक्षणी ओळखलं. बाजारात बायका तोंडाला शालीचं टोक लावून हसल्या आणि मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू! पुढं राजधानीतल्या संग्रहालयानं ती पहिलं बक्षीस देऊन घेतली, खाली ‘मृत्यूची देवता’ अशी पाटी लावली. मी हार घालून शेजारी उभी राहिले. तुझे फोन नंतर येत होते. मी उचलले नाहीत.

गेल्या महिन्यात मामाचा एलादियो शिकागोहून परत आला आणि पिता पिता बोलून गेला. आई गेली त्याच आठवड्यात तू दवाखान्यात होतीस. सात महिन्यांची पोर पोटातच गेली. आणि तू त्याला शपथ घातलीस, “घरी एक मयत झालंय, दुसरं सांगू नकोस.” अगं, सांगायचं होतंस! कुणाला जपत होतीस? मला?

दुसऱ्याच दिवशी बस पकडून मी संग्रहालयात गेले. मूर्ती परत द्या म्हटलं, बक्षीस परत घ्या म्हटलं. तिथल्या साहेबानं खुर्ची दिली, कॉफी दिली, मूर्ती दिली नाही. “बाई, ती आता संस्थेची.” वर कौतुकानं एक कागद हातात ठेवला.

त्या कागदापायी हे पत्र. प्रदर्शन परदेशी निघालंय. मार्चमध्ये शिकागोला, दोन महिने. आपली तिथली माणसं जातीलच. कुणीतरी तुलाही हौसेनं ओढून नेईल, “चल, तुझ्या बहिणीचं काम बघू.” काचेआड स्वतःला बघण्याआधी तुला माझ्याकडून कळावं. ते मी जाणूनबुजून केलंय. आणि चांगलं झालंय गं, तेच जास्त डाचतं. फोन कर, उचलेन. नाही करावासा वाटला तर पोरीचं नाव काय ठेवणार होतीस, तेवढं एलादियोकडून कळव.

तुझीच थोरली,
सेनाईदा