पांढऱ्या खुंट्यांपलीकडचे बॉल

४ तारीख, सोमवार

पोचलो बाई एकदाचे! आधी विमान, मग गाडी, मग होडी. होडीत जावईबापूंचा चेहरा असा हिरवा पडला की मी म्हटलं, गोल्फचं मैदान हिरवं असतं ते ऐकून होते, खेळाडूही हिरवाच लागतो हे नव्हतं माहीत. झाले कान लाल! त्यांना चिडवलं की आधी कान लाल होतात, मग तोंडातून "आई, पुरे आता" येतं. इतका छान चिडणारा जावई मिळायला नशीब लागतं.

लग्नाचा वाढदिवस म्हणून दोघं या बेटावर गोल्फ खेळायला आलीत. मला एकटीला घरी ठेवायला लेकीचं मन होईना, म्हणून दुधात मिठाचा खडा सोबत आणलाय. ही वहीपण तिनेच दिली. म्हणाली, सुचेल ते यात लिही, म्हणजे आमचं डोकं कमी खाशील. मी म्हटलं, बरं फुगी. लगेच फुगली. लहानपणापासून गाल फुगवून बसायची सवय, म्हणून फुगी. चारचौघांत म्हणायचं नाही अशी ताकीद आहे.

खोली झकास. लाकडी पात्यांचा पंखा, बोट बुडेल इतकी मऊ गादी. खिडकीतून समुद्र दिसतो आणि मधे न्हाव्याने मशीन फिरवल्यासारखं कापलेलं गवत. हे असते तर म्हणाले असते, एवढ्या गवतात एक म्हैस नाही म्हणजे काय!

५ तारीख, मंगळवार

आज खेळ पाहिला. विटीदांडूच आहे, फक्त विटी गोल आणि दांडू महाग. मारायचं, मग गाडीत बसून त्याच्या मागे जायचं, परत मारायचं. मी जावईबापूंना म्हटलं, आमच्याकडे हेच काम पोरं अनवाणी करायची आणि वर मार खायची. कान लाल.

खेळ शिकवायला एक मास्तर आहे. वाळलेल्या खारकेसारखा, हसणं माहीत नाही. मैदानाच्या टोकाला, समुद्राकडे, पांढऱ्या खुंट्या रोवल्यात. मास्तरने दोघांना बजावलं, खुंट्यांपलीकडे गेलेला बॉल आणायला जायचं नाही, नवा घ्यायचा, आम्ही फुकट देऊ. फुकट! मला तेव्हाच वास आला.

आणि संध्याकाळी गच्चीवरून पाहिलं. हा मास्तर एकटा खुंट्यांपलीकडे वाळूत फिरतो. खिशातून बॉल काढतो, खाली ठेवतो, टाचेने दाबतो. पुढे जातो, परत तेच. लोकांचे हरवलेले बॉल पुरून ठेवतोय लबाड! पाहुणे गेले की काढून विकत असणार. मांजर डोळे मिटून दूध पितं, पण मी डोळे उघडेच ठेवते.

६ तारीख, बुधवार

केली गंमत. दुपारी सगळे जेवून आडवे झाले तशी मी छत्री आणि कापडी पिशवी घेऊन निघाले. वाळूत खेकड्यांची असावीत तशी भोकं, आणि प्रत्येकात बॉल घट्ट बसवलेला, बाटलीला बूच असावं तसा. छत्रीच्या टोकाने उचकटले की पॉक करून निघायचे. पिशवी भरून आणले.

एक गोष्ट नवलाची. बॉल गरम होते. उन्हाने म्हणावं तर वरून नाही, खालच्या अंगाने गरम, कोंबडीखालून काढलेल्या अंड्यासारखे. वाकून एका भोकात पाहिलं तर आतून वारा तोंडावर आला. येऊन थांबला. मग परत आत गेला.

समुद्र जवळ आहे, त्याचं असेल काहीतरी.

पिशवी पलंगाखाली सरकवली. एक बॉल जावईबापूंच्या मोज्यात घालून टाचेचं भोक रफू करून टाकलं. काय झकास ताण बसतो! उद्या मास्तरचं तोंड बघायचंय.

७ तारीख, गुरुवार

तोंड बघितलं. बघायला नको होतं.

मास्तर सकाळी खोल्याखोल्यांतून विचारत फिरला. चोरी पकडली गेलेल्या माणसासारखा नव्हता तो. पोर हरवलेल्या बाईसारखा होता. माझ्यापाशी आला. म्हणाला, बाई, कुणी नेले असतील तर आत्ता द्या, मी काही बोलणार नाही. मी भोळा चेहरा करून म्हटलं, मला म्हातारीला कशाला तुमचे बॉल?

का म्हटलं तसं? गंमत अजून एक दिवस चालावी म्हणून. दुसरं काही नाही.

तो खिशात होते तेवढे बॉल घेऊन खुंट्यांकडे पळत गेला. जेवणाच्या वेळेला परत आला तो हसत. छान हसत होता, सगळे दात दाखवून. काही सापडलं का विचारलं तर म्हणाला, कसले बॉल? बुटांतून वाळू सांडत होती. चालला तशी सांडतच राहिली. एवढी वाळू बुटात मावते का?

८ तारीख, शुक्रवार

मास्तरने आज दोघांना समुद्राच्या बाजूला खेळायला लावलं. जावईबापूंचा बॉल खुंट्यांपलीकडे गेला. आणायला जायचं नाही म्हणणारा तोच मास्तर म्हणाला, जा की, इथेच तर पडलाय.

मी गाडीत बसले होते. जावईबापू वाळूत वाकले. एवढंच दिसलं की ते वाकले, आणि मग तिथे कुणी नव्हतं. मी ओरडणार तेवढ्यात उभे राहिले. बॉल हातात. हसत आले.

मी म्हटलं, जावईबापू, बॉल आणायला गेलात की अंडं घालायला?

हसले. मोठ्याने. आणि कान पांढरेच राहिले, उकडून सोललेल्या बटाट्यासारखे.

परत चिडवलं. त्यांच्या आईवरून चिडवलं, टकलावरून चिडवलं. हसतच होते. उन्हात घामाचा एक थेंब नाही.

भीती वाटतेय. लिहून बरं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटत.

९ तारीख, शनिवार

लेकीला सगळं सांगितलं. पिशवी दाखवली. ती हसली. म्हणाली, आई, या वेळी फार लांबण लावलीस हं. मी शपथ घेतली. म्हणाली, माझ्या लग्नात नवरदेव पळाला असं सांगतानाही तू शपथच घेतली होतीस.

खरंच घेतली होती. गंमत म्हणून.

रडले तिच्यासमोर. तर म्हणते, रडणं छान जमलंय. जन्मभर लांडगा आला लांडगा आला केलं, आता आलाय तर कोण धावणार?

ती एवढंच म्हणाली की हा आता भांडत नाही, सगळ्याला हो म्हणतो, सुट्टी मानवलेली दिसते. आणि गादीत फार वाळू होते.

होडीचं विचारायला काउंटरवर गेले. होडी येईल म्हणाली तिथली बाई. कधी? येईल. हसत होती. सगळे दात. पायाशी वाळू.

१० तारीख, रविवार, सकाळ

लेक त्याच्याबरोबर खेळायला निघाली. मी दारात आडवी पडले. खरंच पडले, उंबऱ्यावर. ती ओलांडून गेली. चिडली होती, गाल फुगले होते. शेवटचं म्हणून असं चिडलेलं तोंड —

नाही. असं नाही लिहायचं.

रविवार, दुपार

आली. हसत आली.

मी म्हटलं, फुगी.

सगळ्यांसमोर म्हटलं. काउंटरवाली होती, मास्तर होता.

हसली. मला मिठी मारली. अंग पोत्यासारखं. आत सरकतंय काहीतरी —

हे सगळं मी केलं. बुचं मी काढली.

रविवार, ऊन उतरायच्या आधी

पिशवी घेऊन आलेय खुंट्यांपलीकडे. वहीपण आणलीय, पिशवीतच होती. मोज्यातला बॉलसुद्धा काढून आणला. सगळं परत बुजवणार, म्हटलं.

बुजवता येत नाही. भोकं मोठी झालीत. बॉल आत पडतो, पडल्याचा आवाज येत नाही. आता डोकं जाईल एवढी आहेत. श्वास चाललाय सगळ्यांचा एकदम. वाळू वर, खाली.

दगड आणले, मोठे. पहिल्या भोकावर ठेवला तर आतून लेकीचा आवाज. आई, बुजवू नकोस.

दुसऱ्यावर ठेवला. तिथूनही तोच. आई, बुजवू नकोस.

सगळ्यांतून तोच आवाज. गोड. माझी लेक इतकी गोड कधी बोलली नाही माझ्याशी.

बुजवलं तर ती आत राहील. नाही बुजवलं तर ही हसणारी वर येत राहतील —

मैदानावरून ते येतायत. ती, तो, मास्तर. सावकाश. हसतायत. अजून लांब आहेत.

एकच येतं मला. तेच केलं. प्रत्येक भोकात तोंड घालून म्हटलं, फुगी, अगं फुगी, गाल बघ केवढे!

हसली भोकं. एकामागून एक. हसली सगळी.

एक नाही हसलं.

कडेचं, खडकापाशी. तिथून आवाज आला, बारीक, रडका, संतापलेला. कितीदा सांगितलं आई, चारचौघांत फुगी म्हणायचं नाही म्हणून —

माझी! माझीच ती!

आणि तिच्याही खालून कुणीतरी, आई, पुरे आता —

कुणाला ही वही सापडली तर वाळूत दिसेल त्या भोकावर आधी दगड ठेवू नका. आधी चिडवा. हसेल त्यावर ठेवा. जो चिडेल तो आपला माणूस.

डावा हात आत घातलाय खांद्यापर्यंत. बोटं लागली. गरम आहेत. धरलं तिने. धर, फुगी, घट्ट धर —

मागे हसू जवळ आलंय. बघणार नाही.

ओढतेय. येतेय वर. येतेय — नाही, मीच — वाळू सरकतेय माझ्या — लेकी, सोडू नको, मी काही झालं तरी सोड