मधल्या फाट्यावरचा बंब

१९ जानेवारी

झालं एकदाचं! धामणपूर आणि बोरसावळी, दोन्ही नगरपरिषदांचा आजपासून मिळून एकच अग्निशमन बंब. सव्वा तास सभा, त्यात तासभर सत्कार. आमच्या धामणपूरचे नगराध्यक्ष खुशालराव म्हणाले, आता आग लागली तरी काळजी नाही. लागूच नये, असं कोणी म्हणालं नाही.

टिंगल करतोय खरा, पण मागणी माझीच. तीन वर्षं पेपरात लिहीत होतो — आपल्या बंबाला ड्रायव्हर आहे, बॅटरी नाही. त्यांच्या बंबाला बॅटरी आहे, ड्रायव्हर नाही. मिळून एक धड ठेवा. आता मधल्या फाट्यावर राहील, दोन्ही गावांना अकरा-अकरा किलोमीटर. ड्रायव्हर आमचा सहदेव. चौदा वर्षं कंत्राटावर.

रागिणी म्हणाली, तुमचं कोणी ऐकलं म्हणजे कुठंतरी चुकलंच असणार. संसारात इतका विश्वास पुरे.

२ फेब्रुवारी

गुडघा. खोकला. बातमी नाही.

११ फेब्रुवारी

बडनेऱ्याहून एसटीनं परत येताना मधल्या फाट्यावर पाहिलं — बंब उभा, आणि सहदेव नळी धरून फाट्यालगतच्या शेतकरी जानरावांच्या झेंडूला पाणी देतोय! लाल गाडी, पिवळं शेत. दृश्य म्हणून सुरेख. एसटी थांबली नाही, मीही थांबवली नाही. घरी येऊन चार ओळींचं चुटकेवजा टिपण पाठवलं: संयुक्त सेवेचा पहिला लाभार्थी झेंडू. कोपऱ्यात येईल. स्वतःवर बराच खूश.

१२ फेब्रुवारी

पेपरच्या अकोल्याच्या डेस्कनं कोपऱ्यातून उचलून पहिल्या पानावर टाकलं. 'सरकारी बंब फुलशेतीच्या दावणीला'. दावण माझी नाही. बाकी सगळं माझंच.

१४ फेब्रुवारी

सहदेवला घरी बसवलं. चौकशी होईपर्यंत. कोणी बसवलं, ते नक्की नाही. खुशालराव म्हणतात, तो आता बोरसावळीच्या ताब्यात. बोरसावळीचे मुख्याधिकारी म्हणतात, नेमणूक धामणपूरची. घरी बसवताना दोघंही होते. परत बोलवायला कोणी नाही.

संस्कृतात दोघांसाठी वेगळं वचन होतं, द्विवचन. आम्ही वर्गात त्याला वैतागायचो. मराठीनं ते टाकून दिलं; आता दोघांचं जे असतं ते कोणाचंच नसतं.

१७ फेब्रुवारी

जानरावांच्या शेतात गेलो. सहा दिवस उशिरा.

गोष्ट अशी. दोन नगरपरिषदांचा करार अकरा पानी. डिझेल कोणी भरायचं, टायर कोणी घ्यायचे, गाडीवर कोणाचं नाव आधी — सगळं आहे. टाकीत पाणी कोणी भरायचं, ते नाही! धामणपूर म्हणे बोरसावळीनं भरावं, बोरसावळी म्हणे धामणपूरनं. सहदेवनं आठवडाभर दोन्हीकडे फोन केले. मग फाट्याला लागूनच जानरावांची विहीर, तिथं गेला. जानराव हो म्हणाले. बंबाचा पंप हप्त्यातून एकदा चालवावा लागतो, नाहीतर ऐनवेळी जाम होतो. ते पाणी रस्त्यावर सांडण्यापेक्षा तो झेंडूच्या वाफ्यात सोडायचा, आणि टाकी पुन्हा भरून ठेवायचा. ज्यांचं पाणी, त्यांचीच झाडं.

मला उभ्या आयुष्यात सुचलं नसतं इतकं नीट.

जानरावांच्या पत्नी गोदाबाईंनी चहा दिला, माझ्याकडे न बघता. जानराव तेवढं बोलले, "भाऊ, तुमी गाडीतून उतरून इचारलं असतं, तं मी दोन मिन्टात सांगतलं असतं."

खुलासा लिहून डेस्कला पाठवला. उत्तर: विषय शिळा झाला.

३ मार्च

बोरसावळीच्या शिवारात कडब्याच्या गंजीला आग. बदली ड्रायव्हर बंब घेऊन पोचला, नळी लावली. टाकीत बोटभर पाणी. हप्त्याचा पंप चालवताना पाणी रस्त्यावर गेलं, आणि सहदेव गेल्यापासून टाकी कोणी पुन्हा भरलीच नव्हती. विहीर तिथंच आहे, पण विचारायला कोणी गेलं नाही, आणि छापून आल्यावर जानराव कशाला आपणहून देतील? गंजी गेली. माणसं, जनावरं वाचली.

संध्याकाळपर्यंत दोन्ही गावांचं पहिल्यांदाच एकमत — पाणी सहदेवनं फुलांना घातलं. तो सतरा दिवस घरी आहे, ही किरकोळ बाब.

९ मार्च

अमरावतीहून चौकशीला बाई आल्या आहेत. दोष ठरला तर सहदेवला पुन्हा कुठल्याच पालिकेत स्टिअरिंग धरता येणार नाही. त्याच्याविरुद्ध पुरावा एकच — माझ्या चार ओळी. मी पाहिलंच नाही म्हटलं, तर प्रकरण उरत नाही.

रागिणीला विचारलं. तिनं टोमणा मारला नाही. म्हणून काळजी वाटली.

१० मार्च

लिहून दिलं. 'मजकूर ऐकीव होता. प्रत्यक्ष काही पाहिलेले नाही.' सही, तारीख. सत्तावीस वर्षांच्या वार्ताहरकीत पहिलं धडधडीत खोटं. अक्षर मात्र छान आलं!

११ मार्च

सहदेव घरी आला. मला वाटलं, आभार मानायला. खुर्चीवर बसेना. उभ्यानंच म्हणाला, "भाऊ, तुमी खोटं काहून लिहून देलं?"

तुझ्यासाठी, म्हणालो.

"मी तं परवाच खरं लिहून देलं न बाईले. पाणी सोडलं, काहून सोडलं, कोनाकोनाले फोन केले, सारं. मोबाइलमंदल्या तारखा दाखवल्या. म्या चोरी केली असती तं लपवलं असतं." मग, "आता त्या इचारून राहिल्या का तुमच्या दोघाईत खोटं कोन बोलते म्हून."

मी बस म्हणालो. तो बसला नाही. काल त्या बाईंकडे जायच्या आधी त्याच्या घरी गेलो असतो, तर कळलं असतं. पुन्हा न विचारता लिहिलं. या खेपेला तर एसटीसुद्धा नव्हती.

तो गेला. गुडघा फार दुखतो आहे.

१८ मार्च

चौकशीचा अहवाल आला. सहदेव निर्दोष, उद्यापासून कामावर. करारात पाण्याचं कलम घाला, असंही आहे. शेवटचा परिच्छेद: 'वार्ताहराचे निवेदन असत्य असून ते विचारात घेतलेले नाही.'

बातमी मलाच द्यायची होती. दिली. शेवटच्या परिच्छेदासकट, वार्ताहराच्या नावासकट.