गॅलरीतली सत्तर मिनिटं

ऐरोली
७ एप्रिल १९९६

ती. आबांना,
वैजयंतीचा सा. नमस्कार. वि. वि.

तुमचं कार्ड मिळालं. तीन ओळींचं. फलटणच्या स्टँडवर तीस वर्षं गाड्यांच्या वेळा पुकारणारा माणूस मुलीला न उठवता पहाटेची गाडी धरून जातो आणि वर तीनच ओळी लिहितो, हे मला पटलेलं नाही. निशांत विचारत होता, आबांचं आपल्यामुळे काही बिनसलं का. मी म्हटलं, नातीला सलाईन लावलेलं पाहून धसका घेतलाय त्यांनी.

तर क्षिप्रा आता छान आहे. मांडीवरचे फोड सुकले, साल निघाली, खाली नवी गुलाबी कातडी आलीय. डॉक्टरांनी बजावलंय की सहा महिन्यांची होईपर्यंत तिला थेट उन्हात ठेवायचंच नाही, तेल चोपडून तर मुळीच नाही. सुती झबलं, सावली आणि वरचेवर अंगावरचं दूध. आई कायम म्हणायची ना, कोवळं ऊन बाळाच्या हाडांना चांगलं, तेच मी धरून बसले होते. आता गॅलरीला तुमच्या विसरलेल्या धोतराचा पडदा लावलाय.

बायजाबाई दोनदा दारात येऊन गेली. मी आत घेतलं नाही. समोरच्या चारुलताला मी सगळं सांगितलं, तिने खालच्या दोघींना. आता आमच्या सोसायटीत बाळाला न्हाऊ घालायला तिला कुणी बोलावत नाही. दुसऱ्या खेपेला ती एवढंच म्हणाली की तुमच्या बाबांना इचारा. मला फार राग आला. स्वतः पोरीला उन्हात टाकायचं आणि म्हाताऱ्या माणसाचं नाव पुढे करायचं. मी दार लावून घेतलं.

सविस्तर लिहा. नातीने वाट पाहायची वेळ आणू नका.

तुमची,
वैजू

*

फलटण
१५ एप्रिल १९९६

चि. वैजयंतीस अनेक आशीर्वाद.

हे पत्र चौथ्यांदा लिहितो आहे. आधीची तीन फाडली. कार्डावर जागा कमी असते म्हणून मी कार्ड पाठवलं होतं, हे तुला आता कळेल.

त्या दिवशी तू रजा वाढवायचा अर्ज द्यायला वाशीला गेलीस. बायजाबाईंनी क्षिप्राला तेल लावून न्हाऊ घातलं, पुन्हा तेलाचा हात फिरवला आणि साडेआठला गॅलरीत चटईवर ठेवलं. रोज त्या शेजारी बसतात. त्या दिवशी त्यांना पुढच्या घरी घाई होती आणि मी घरात होतो. जाताना त्या मला दोनदा बोलल्या की बाबा, धा मिनटांनी पोरीला आत घ्या. मी हो म्हणालो.

पोर झोपलेली होती. मी दूध आणायला खाली उतरलो, पाच मिनिटांत येतो म्हणून. तळमजल्यावर राहणारे जयप्रकाश भेटले. बोलता बोलता निघालं की ते लोणंदचे. त्यांनी चहाला बसवलं. स्टँड, जुने ड्रायव्हर, कोण गेलं, कोण आहे. महिनाभरात माझ्याशी माझ्या गावचं बोलणारं कुणी भेटलं नव्हतं. वैजू, त्या सत्तर मिनिटांत मला एकदाही आठवलं नाही की वर पोर आहे. आठवलं आणि दुर्लक्ष केलं असं नाही. आठवलंच नाही.

वर आलो तेव्हा ऊन पूर्ण गॅलरीभर झालं होतं. ती रडत नव्हती. रडून थकली होती. तिला आत घेतलं आणि ओल्या फडक्याने पुसत बसलो. तेव्हाच डॉक्टरांकडे धावायचं, तर मी लाली उतरायची वाट पाहत राहिलो, तू येण्याआधी उतरली तर बरं म्हणून. तू साडेदहाला आलीस.

दवाखान्यात निशांतरावांनी विचारलं, तिला उन्हात कुणी ठेवलं होतं. मी म्हणालो, बायजाबाईंनी. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं, म्हणूनच ते जिभेवर आलं. पुढचं त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. त्यांनी सासऱ्याचा मान म्हणून माझ्यासाठी खुर्ची ओढली, मी बसलो.

आता तुझ्या पत्रातून कळतं की त्या बाईंची घरं गेली. तुला जे करायचं ते कर. हे पत्र निशांतरावांना वाचून दाखव.

आबा

*

ऐरोली
३ मे १९९६

ती. आबांना नमस्कार.

दोन आठवडे लिहू शकले नाही. तुमच्यावर चिडले होते, ते खरंच. पण त्यापेक्षा स्वतःपुढे उभं राहवत नव्हतं.

निशांतला पत्र वाचून दाखवलं. तो न्हावा शेव्याला कामाला निघून गेला. संध्याकाळी म्हणाला की मी एकच प्रश्न विचारला, दुसरा विचारला नाही, कारण पहिलं उत्तर सोयीचं होतं. माझंही तेच आहे, आबा. बायजाबाई पावणेनऊच्या आत पुढच्या घरी जाते हे मला रोजचं माहीत होतं. मी आले साडेदहाला. मधला वेळ पोर कुणाकडे होती, हा साधा हिशोब मी केला नाही. एका बाजूला माझे वडील आणि दुसऱ्या बाजूला गावातून येणारी बाई. मी विचार करायला थांबलेच नाही.

परवा दिवागावात तिच्या घरी गेले. तिची सून रंजिता हिने पाणी दिलं. मी माफी मागितली. बायजाबाईने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली की तेल लावून उन्हात ठेवलं ही माझी पन चूक हाय, डाक्टरचं बरोबर हाय. पण चाळीस वर्षांत शंभरावर पोरं या मांडीवर न्हाली आणि आता बाया मला बघून दार लावतात. तुमी बोलून दार लावलंत, आता बोलूनच उघडा. आणि ते तुमी नको, बाबांनी बोलायचं.

मी तिला हो म्हणून आले. तुम्हाला विचारलं नाही. ठरवणं तुमच्याकडे.

वैजू

*

फलटण
८ मे १९९६

चि. वैजयंतीस आशीर्वाद. शनिवारी १८ तारखेला दुपारच्या गाडीने निघतो. रविवारी सकाळी चारुलता व खालच्या दोघींना जमव. जयप्रकाशांनाही बोलाव, मी कुठे बसलो होतो ते त्यांना ठाऊक आहे. मुक्कामाची गैरसोय असेल तर तसं मोकळेपणी सांग.

आबा

*

ऐरोली
२६ मे १९९६

ती. आबांना,
वैजूचा सा. न. वि. वि.

तुम्ही बोलून लगेच निघून गेलात, जेवायलाही थांबला नाहीत; पुन्हा कधी येता विचारलं तर आता इथे तोंड दाखवायची लाज वाटते म्हणालात. जयप्रकाशांच्या हॉलमध्ये तुम्ही उभे राहून बोलत होतात तेव्हा मी क्षिप्राला घेऊन दाराशी होते. मला वाटत होतं, डॉक्टरांकडे न्यायला उशीर केला तेवढं तुम्ही गाळाल. गाळावं असंही वाटत होतं. तुम्ही ते सांगितलंत. जयप्रकाश सगळा वेळ खाली बघत होते. तुमच्यामागून मीही सांगितलं की खोटी बातमी घरोघर नेणारी मी होते. तुमचं पाहूनच तेवढं बोलता आलं.

चारुलताने दुसऱ्या दिवशी बायजाबाईला निरोप पाठवला. खालची एक अजून कां कूं करते आहे, दुसरीने बोलावलं. आपल्या घरी मात्र ती येणार नाही. तुमचा जिना मी चढनार नाय, असं तिने स्वच्छ सांगितलं. पोरीला पाहिजे तर माझ्या दारात आणा, ऊन चढायच्या आत.

तेव्हा मी रोज सव्वासहाला क्षिप्राला टोपडं घालून, सुती दुपट्यात घेऊन दिवागावात जाते. ती पडवीत सावलीला पाय पसरून बसते आणि पोरीला चोळते. परतताना ऊन आलेलं असतं, म्हणून छत्री नेते. माझ्याशी ती फारसं बोलत नाही. पोरीशी बोलते. क्षिप्रा तिच्या पायांवर हसते, आणि ते बघताना मला कुठे पाहावं कळत नाही.

काल निघताना तिने विचारलं, बाबा कसे हायेत. मी म्हटलं, यायला तयार नाहीत, त्यांना अजून लाज वाटते. ती पोरीचं टोपडं बांधत होती. बांधून झाल्यावर म्हणाली, लाज वाटू दे. पन येऊ दे.

तिचा निरोप जसाच्या तसा कळवला आहे. उत्तर कार्डावर नको.

तुमच्या मायेची,
वैजू