मधूच्या लंडनच्या घरासाठी

२ नोव्हेंबर १९५९, भाऊबीज
मधूचं पाकीट आलं. सहा वर्षं तो लंडनला, मी दरवर्षी फोटोला ओवाळते. यंदा ओवाळणीऐवजी हक्कसोडीचा कागद. माझं नाव टाइप केलेलं, सहीपुरती जागा रिकामी.
तिथं घर घेतोय. तिकडच्या बँका बाहेरच्या माणसाला कर्ज द्यायला नाखूश, आधी बरीच रोकड दाखव म्हणतात. म्हणून वडिलांचं, नानांचं हे घर विकायचं. आई आणि मी राहतो ते.
तरी ओवाळलं. रागानं.

५ नोव्हें.
मधूनं धाडलेला दलाल आला.
"बाईजी, इथले पैसे तिकडे न्यायला परवानगी नाही मिळत. पण सेठजींचे साले लंडनला आहेत. सेठजी इथे मकान घेतील, साले तिथे मधूभैयांना पौंड देतील. बँक का झंझटच नाही."
"आणि आम्ही दोघी?"
"किराये का देख देंगे ना."
मी चहा विचारला नाही. आईनं विचारला, वर चिवडाही दिला. तिच्या हिश्श्याच्या कागदावर तिनं सही केलीसुद्धा.

७ नोव्हें.
शाळेत मुलींवर उगाच ओरडले.
नाना गेले तेव्हा वकील म्हणाले होते, नव्या कायद्यानं तुझाही वाटा आहे. आई म्हणाली, "शहाण्या बहिणी सोडून देतात. माहेर टिकतं." लग्न झालेल्यांचं टिकत असेल. मला दुसरं घर कुठंय? वीस वर्षं पावसाआधी कौलं मीच चाळून घेते.

८ नोव्हें.
मधूला चार पानं लिहिली, फाडली. मग दोन ओळी: तिकडची बँक तुला परका समजते म्हणून चिडलास. हा कागद पाठवताना मला कोण समजलास?
टाकलं नाही अजून. त्याच्या पत्राच्या शेवटी आहे, "ताई, तुझ्या खोलीला बागेकडची खिडकी असेल." मी कशाला भुलते ते त्याला बरोबर ठाऊक. म्हणून जास्तच लागलं.

१० नोव्हें.
आठवडाभर आईचं एकच, "सही कर गं, पोराचं अडलंय." आज मेथी निवडताना मध्येच, "तिथं घर झालं की तो इकडे येईल का गं?"
मी पुढची जुडी सोडली.
"मग सहीचं थांब जरा," आई म्हणाली. थोड्या वेळानं, "पण थंडीत परक्याच्या खोलीत राहतो गं..."
दलाल उद्या दहाला येणार. कागद टेबलावर आहे. हे पेन्सिलीनं लिहितेय, पेन सापडत नाही, दुपारी कागदाशेजारीच होतं. आईला विचारलेलं नाही.