आप्पांच्या आजाराचं नाव

बेंगळूर, १२ जानेवारी १९९७

प्रिय अण्णा,

तीन वर्षं पत्र नाही, माफ कर. आप्पा मुतखड्याने गेले असं तुला मस्कतला कळवलं, ते खोटं होतं. त्यांना प्रोस्टेटचा कर्करोग होता. त्या जागेचं नाव लिहायची मला लाज वाटली.

परवा मीही तपासून घेतलं. कर्करोग नाही, पण ‘ड’ जीवनसत्त्व फार कमी निघालं. वीस वर्षं फोटोच्या डार्करूममध्ये काढली, ऊन मिळणार कुठून! त्याने धोका वाढतो का, असं मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, “संशोधन चालू आहे, नक्की सांगता येत नाही. पण वडिलांना होता ना? मग भावालाही तपासायला सांगा. लवकर सापडला तर उपचार आहेत.”

आता सकाळी गच्चीत बसतो. आमची ही, संयोगिता, म्हणते, “बसलाच आहात, तर वाळत घातलेल्या संडिग्यांवरचे कावळे स्वल्प हाकला.” उन्हात बरं वाटतं.

तू पन्नाशी ओलांडलीस. माझ्या लाजेपायी तू बेसावध राहू नयेस. पण हे पत्र पेटीत टाकेपर्यंत मी ते नाव पुन्हा खोडेन, एवढं स्वतःला ओळखतो.

तुझा,
हणमंता

उद्या: पत्र पेटीत न टाकता बूथवरून अण्णाला फोन लावून सगळं तोंडाने सांगणे.